लिहित्या मुलांचा कट्टा : सुरू कसा करावा, टिकवावा कसा

सहावी-सातवीतल्या कुठल्याही मुलाची निबंधाची वही उघडून पाहा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘माझा आवडता सण’. पावसाळा आला की धरती हिरवा शालू नेसते, मग निबंध दापोलीत लिहिलेला असो की जतमध्ये. जतच्या मुलाने आभाळाकडे बघत काढलेले जून-जुलै त्या वहीत कुठेच नसतात. त्याला ते लिहिता येत नाहीत असं मुळीच नाही. ते कोणाला ऐकायचे आहेत, असं त्याला कधी वाटलेलंच नाही. शिक्षक वही तपासतात, गुण देतात, सही करतात. एका वर्गात साठ वह्या असतील तर त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणंही चूक. पण ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारणारा कोणी भेटला नाही, तर मूल पाठ केलेलंच लिहीत राहतं.

असे विचारणारे मिळावेत म्हणून लेखन-कट्टा. आठवड्यातून एकदा दहा-बारा मुलं जमतात, एकमेकांना पुस्तकं देतात, काहीतरी लिहितात आणि लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतात. मी तालुक्याच्या गावी असा कट्टा चालवते. ज्यांना आपल्या गावात, सोसायटीत किंवा शाळेत तो सुरू करायचा आहे, अशा शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी हा लेख आहे. त्यासाठी साहित्यिक असावं लागत नाही. वाचायची आवड आणि मुलांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तयारी एवढं पुरतं.

जमवाजमव फार करू नका. मुलं बारापर्यंत असावीत, पंधराच्या वर गेली की प्रत्येकाची वाचायची पाळी येत नाही आणि मागे बसणारी मुलं मागेच राहतात. पाचवी ते सातवीचा एक गट आणि आठवी ते दहावीचा दुसरा, असं करता आलं तर उत्तम. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात, म्हणून शनिवारची दुपार सोयीची. दीड तास पुरे. सतरंजी, एक फळा, प्रत्येकाची एक वही. ही वही शाळेच्या वह्यांपेक्षा वेगळी दिसणारी असावी आणि तिच्यात लाल पेन कधीही उमटू नये. पहिल्याच दिवशी मुलांसमोर हे कबूल करा आणि पाळा. फी ठेवू नका. वहीचा आणि झेरॉक्सचा खर्च पालक सहज वाटून घेतात. बसायला मोठी माणसं नेहमी दोन असावीत, एकटा माणूस आणि मुलं असं नको.

पुस्तक हातोहात फिरलं पाहिजे

लिहिण्याआधी पुस्तकं. कट्ट्याचा पहिला अर्धा तास मी पुस्तकांच्या देवघेवीला देते, आणि माझ्या मते कट्टा टिकतो तो या अर्ध्या तासामुळे. लिहायला सुचलं नाही त्या दिवशीही मूल येतं, कारण त्याला पुढचं पुस्तक हवं असतं.

सुरुवात घरातल्या पुस्तकांपासून करा. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, पहिल्या पानावर आपलं नाव लिहायचं आणि ते पेटीत ठेवायचं. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांनी काही आणायचं नाही आणि त्याबद्दल कोणी काही विचारायचं नाही. त्यांची भरपाई तुम्ही गावच्या वाचनालयातून करा. साध्या वहीत चार रकाने आखा: पुस्तक, कोणी नेलं, कधी नेलं, कधी आलं. ही नोंदवही मुलांच्याच ताब्यात द्या आणि महिन्याला ग्रंथपाल बदला. पाचवीतली मुलगी दहावीतल्या दादाला ‘तुझं पुस्तक तीन शनिवार झाले आलं नाही’ असं सुनावते, तेव्हा पुस्तक हमखास परत येतं.

या देवघेवीला लेखनाची जोड कशी द्यायची? प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवायची. ज्याने वाचलं त्याने पुढच्या वाचणाऱ्यासाठी तिच्यावर दोन-तीन ओळी लिहायच्या. सारांश लिहायचा नाही. ‘पुस्तक खूप छान आहे, त्यातून चांगला बोध मिळतो’ हेही चालणार नाही, कारण ते न वाचतासुद्धा लिहिता येतं. मी मुलांपुढे तीन प्रश्न ठेवते. कुठलं पान तू दोनदा वाचलंस? कुठे कंटाळा आला? या पुस्तकातल्या कोणाला तुझ्या घरी जेवायला बोलवशील? यातला कंटाळ्याचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मोठ्यांनी चांगलं म्हटलेल्या पुस्तकात आपल्याला कंटाळा आला, हे लेखी कबूल करायची परवानगी मिळाली की मूल खरं लिहायला लागतं. शिवाय कंटाळा नेमका कुठे आला हे शोधताना, वर्णन फार लांबलं, माणसं फार झाली, शेवट आधीच कळला, हे त्याचं त्याला उमगतं. पुढे आपलं लिखाण तपासताना हीच नजर उपयोगी पडते.

पुस्तकं कोणती? एवढंच सांभाळा की पेटी एकाच चवीची नसावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पेटीत टिकत नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही तसाच. विंदा करंदीकरांच्या बालकवितांची दोन-तीन पुस्तकं ठेवा आणि ती लहानांसाठीच आहेत असं समजू नका. दहावीतल्या मुलांना ‘एटू लोकांचा देश’ मोठ्याने वाचून दाखवा आणि बघा. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं थोरल्या गटातही असावीत, कमी शब्दांत घर कसं उभं करायचं ते त्यांतून कळतं. त्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ तर कट्टा चालवणाऱ्याच्या हाताशी हवंच. मराठीतल्या वेगवेगळ्या लेखकांचे निवडक उतारे आणि त्यांच्यासोबत चित्रं त्यात आहेत, त्यामुळे आयत्या वेळी काय वाचावं हा प्रश्न पडत नाही.

सातवी-आठवीनंतर प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत बेळगावकडच्या एका मुलाचं जग आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा जे बघतो, ऐकतो ते त्याच्याच बोलण्यात येतं. लंपन वाचलेल्या मुलांच्या वहीत काही आठवड्यांतच ‘मी’ बोलायला लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खेड्यातल्या मुलांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’, थोड्या मोठ्यांसाठी आनंद यादवांची ‘झोंबी’, तिच्यातली शाळेसाठीची ओढाताण पंधराव्या वर्षी नीट समजते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तले दोन-चार पानांचे प्रसंग मोठ्याने वाचायला फार चांगले. शहाण्या माणसांची चरित्रं मुलांवर लादू नयेत असं माझं मत आहे, पण वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ अपवाद ठरतं. मुलं ते आपणहून मागतात.

पैसे नसतील तरी अडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्या छापून वाटायला परवानगी आहे. बाकी पुस्तकांचं तसं नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. केशवसुत, बालकवी, गडकरी त्याच्या कितीतरी आधीपासून खुले आहेत. नव्या लेखकाचं अख्खं पुस्तक मात्र झेरॉक्स करून वाटू नका. एकच प्रत आणा आणि ती फिरवा. लेखक कसा जगतो हेही लिहित्या मुलांना कळलं पाहिजे.

फिरणारी पुस्तकं फाटतात. दर दोन-तीन महिन्यांनी एक शनिवार दुरुस्तीचा ठेवा. चिकटपट्टी लावू देऊ नका, ती काही दिवसांनी पिवळी पडते आणि सुटताना पानाचा कागद सोबत घेऊन जाते. कणकेची खळ करा आणि पातळ कागदाच्या पट्ट्या वापरा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती मुलांच्या हाती नको, मोरचूद विषारी असतो. ताजी खळ करावी, उरलेली टाकून द्यावी. ज्याने स्वतः पान चिकटवलं आहे, ते मूल पुढे पुस्तकाचा कान दुमडत नाही.

लिहायचं कशावर

‘आज या विषयावर लिहा’ असं सांगितलं की मुलं पुन्हा निबंधाकडे वळतात. म्हणून विषय देऊ नका, अट द्या. अट जितकी नेमकी तितकं डोकं मोकळं सुटतं.

एक मराठमोळी अट: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांपैकी काहीही न वापरता लिहायचं. ‘बबन, ऊठ. घर बघ. नळ बदल. मग गरम वरण कर.’ पहिल्या पाच मिनिटांतच मुलांच्या ध्यानात येतं की अशा लिखाणात सगळे नुसते हुकूम सोडतात. आला, गेली, करतो, होते, सगळ्यांना काना-मात्रा लागते. बिनकान्याचा उरतो तो आज्ञार्थ. क्रियापद कसं चालतं हे व्याकरणाच्या तासाला महिनाभर शिकवूनही जे पोहोचत नाही, ते इथे हसता हसता पोहोचतं. पुढच्या वेळी उलट अट घाला: परिच्छेदात ‘आहे’, ‘होता’ ही क्रियापदं कुठल्याही रूपात आणायची नाहीत. ‘अंगणात झाड आहे’ असं म्हणता येत नाही म्हटल्यावर झाडाला काहीतरी करावं लागतं. ते झुकतं, खरखरतं, वाट अडवतं.

दुसरा खेळ दोन चिठ्ठ्यांचा. इटलीचे बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांना १९७० साली हॅन्स अँडरसन पुरस्कार मिळाला. गोष्टी कशा सुचतात यावर त्यांनी १९७३ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातली ही युक्ती. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांना वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडायचं. आपल्या भाषेत हा खेळ फारच रंगतो, कारण आपल्याकडे प्रत्ययांची चंगळ आहे. समजा एका चिठ्ठीत ‘वकील’ निघाला आणि दुसरीत ‘कुकर’. वकिलाचा कुकर, कुकरमधला वकील, वकिलाने कुकरला, कुकरसाठी वकील. शेवटच्यावर आमच्याकडच्या एका मुलीने लिहिलं: शिट्टी वाजवून अख्ख्या वाड्याची झोप मोडल्याबद्दल कुकरवर खटला भरला जातो आणि त्याच्या बाजूने कोणी वकील उभा राहायला तयार नसतो. चिठ्ठ्या मुलांनीच भरायच्या, मात्र ‘प्रेम’, ‘मैत्री’, ‘देश’ असले शब्द नकोत. ज्याला हात लावता येतो, जे दिसतं, असेच शब्द.

तिसरा, कानांचा. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, भाजीबाजारात दहा मिनिटं उभं राहून जे कानावर पडतं ते लिहून आणायचं, फक्त बोलणं, वर्णन शून्य. खरी नावं बदलायची, आणि कोणाचं घरगुती दुःख ऐकू आलं तर ते वहीत आणायचं नाही, हे आधी स्पष्ट सांगा. आणलेल्या बोलण्यातून बोलणाऱ्याचं वय, गाव, घाई इतरांनी ओळखायची. माणूस बोलण्यातून कसा उभा राहतो ते यातून समजतं, आणि मग मुलं ‘तो रागाने म्हणाला’ असं लिहायचं आपोआप कमी करतात.

मोजून लिहिण्याचाही एक खेळ ठेवा. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच मोजायचं. फळ्यावर असं काहीतरी लिहून दाखवा:

घंटा वाजे जेव्हा / दप्तर पाठीशी / पाय उंबऱ्याशी / भूक लागे

मग बोटांवर मोजायचं सत्र सुरू होतं. विषय शाळेचा, क्रिकेटचा, डासांचा, कसलाही चालेल. वारीत किंवा देवळात जे कानांनी लहानपणापासून ऐकलं आहे, त्याची मोजणी हाताला कळली की मुलांना फार आनंद होतो. थोरल्या गटाला हायकू द्या. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. तीन ओळी, एक क्षण, स्पष्टीकरण नाही.

आणि एक काम घरी करायचं. आजीकडे जा, जात्यावरच्या ओव्या विचारा. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर गायिकांच्या आवाजात ऐकता येतात. त्यातल्या दोन मुलांना ऐकवा आणि मग पाठवा. आजी म्हणेल, ‘मला काही येत नाही.’ थोडं बसून राहिलं की येतं. नियम एकच: आजीने जसं म्हटलं तसंच लिहायचं, एक अक्षर ‘सुधारायचं’ नाही.

इथे बोलीबद्दल. कट्ट्यावर मूल अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, पावरीत लिहीत असेल तर लिहू द्या. घरी ज्या भाषेत भांडतो, रडतो, स्वप्नं बघतो, ती भाषा दाराबाहेर ठेवून ये म्हटलं, तर भांडण, रडणं आणि स्वप्नं दाराबाहेरच राहतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या कविता रचत आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक होऊ शकलं. मुलांना हे सांगा. मग ‘आमची भाषा अशुद्ध आहे’ हा त्यांच्या मनातला गैरसमज हलायला लागतो.

खेळ कुठलाही असो, लिहायला पंधरा ते वीस मिनिटं, सगळ्यांनी एकत्र, तिथेच बसून, हाताने. तुम्हीही लिहा आणि मुलांसोबत वाचून दाखवा. मोबाइलवरून आयतं लिहून आणण्याचा प्रश्न आता सगळीकडे आहे, पण समोर बसून, चिठ्ठीत निघालेल्या शब्दांवर, वीस मिनिटांत लिहायचं असेल तर तो येतच नाही. बक्षीस नसल्यावर आयतं आणायचं कारणही उरत नाही.

वाचून दाखवणं आणि ऐकणं

कट्ट्याचा जीव इथे आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं.

वाचायची सक्ती नाही. वहीचं पान दुमडून घडी घातली की ते खासगी. कोणी उघडायचं नाही, तुम्हीही नाही. ज्याला वाचायचं आहे त्याने एकदा सावकाश वाचायचं आणि नंतर गप्प बसायचं. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे त्याने सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांनी आधी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं. ‘मला ती ओली पायरी दिसली.’ ‘काका येतो तिथे मला भीती वाटली.’ मग काय कळलं नाही ते. ‘तो मुलगा घरी एकटा का होता?’ इथे थांबायचं. ‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’ या शब्दांना बंदी. टाळ्याही नकोत. टाळ्या एकदा सुरू झाल्या की कोणाला कमी, कोणाला जास्त याचा हिशेब सुरू होतो, आणि दोन महिन्यांत मुलं टाळ्या मिळतील असंच लिहायला लागतात.

मोठ्या माणसाने सगळ्यात शेवटी बोलायचं. शिक्षकांना हे जड जातं, पण निर्धाराने पाळा. तुम्ही आधी बोललात की मुलं तुमचंच मत आपल्या शब्दांत परत देतात.

मूल अशा वाचनाच्या वेळी काय शिकतं हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला जे लख्ख दिसत होतं ते कागदावर उतरलंच नाही, हे त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. ऐकणारे विचारतात, ‘बैल कुठून आला?’ आणि त्याच्या लक्षात येतं की बैलाचं आपण सांगितलंच नाही. ते घरी जाऊन, कोणी न सांगता, पुन्हा लिहितं. पुनर्लेखन मुलांच्या गळी उतरवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

खरं लिखाण सुरू झालं की कधीतरी एखादं पान अंगावर येतं. मारहाण, दारू, नको तो स्पर्श, मरावंसं वाटणं. असं काही वाचलं किंवा ऐकलं, तर त्यावर कट्ट्यावर चर्चा करू नका, लिखाणाची वाखाणणी करू नका. मुलाला एकटं गाठून ‘तू लिहिलंस ते मी वाचलं, ते खरं आहे का?’ एवढं शांतपणे विचारा, त्याचं ऐका, कोणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका. शाळेतल्या जबाबदार व्यक्तीची किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घ्या. कट्टा सुरू करण्याआधीच हा क्रमांक तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हस्तलिखित

सहा महिने असं लिहिल्यावर हस्तलिखित काढा. छापील अंकाची घाई नको. हस्तलिखिताची आपल्याकडे फार चांगली परंपरा आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी तिथल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. रोज एक अंक, आणि वाचणारी मुलं त्याच इमारतीत. हे वाचलं की आपल्याला सहा महिन्यांतून एक अंक जमायला हरकत नाही असं वाटतं.

मुलांचंच संपादक मंडळ नेमा. प्रत्येकाचा एक तरी मजकूर घ्यायचाच, पण कुठला ते लेखक आणि संपादकाने बसून ठरवायचं. शुद्धलेखनाची वेळ आता आली. दोघादोघांच्या जोड्या करा, एकमेकांचं तपासू द्या, अडलं तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ त्यांच्या मधोमध ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मुलं कोश उघडून भांडतात, हे दृश्य बघण्यासारखं असतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ याच टप्प्यावर कामी येतं. बोलीतलं लिखाण मात्र बोलीच्याच कानाने तपासायचं. सुवाच्य अक्षर असलेल्या मुलांनी उतरवून काढायचं, चित्र काढणाऱ्यांनी चित्रं. ज्याला लिहायला आवडत नाही आणि तरी जो दर शनिवारी येतो, असा एखादा मुलगा प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला बांधणी द्या. सुई-दोऱ्याने दुमडलेल्या पानांचे फर्मे शिवायला तो कोणाहून चांगला शिकतो.

अंकाची एकच प्रत असते, म्हणून ती घरोघरी फिरवा. एकेका घरी तीन दिवस, शेवटी कोरी पानं, वाचणाऱ्याने अभिप्राय लिहायचा. किराणा दुकानदार, एखादी नर्स, एसटीचा कंडक्टर, कोणाची आत्या अशा माणसांनी लिहिलेले ते अभिप्राय मुलं पाठ करतात. पालकांना मात्र आधी सांगून ठेवा की आपल्या मुलाचं लिखाण घरातल्या ग्रुपवर टाकताना त्याला विचारा, आणि दुसऱ्याच्या मुलाचं टाकूच नका.

बाहेर पाठवायची इच्छा असलेल्यांनी ‘किशोर’, ‘छात्र प्रबोधन’, ‘वयम्’ यांसारख्या मासिकांचे आधी चार अंक वाचावेत. साभार परत येईल किंवा उत्तरच येणार नाही, याचीही तयारी करून द्या. स्पर्धांच्या मागे लागू नका. स्पर्धेत पहिला येणारा एक असतो, आणि कट्ट्यावर उरलेले अकरा असतात.

कट्टा दोन-तीन महिन्यांनी थंडावतो. परीक्षा येतात, क्रिकेटचा मोसम येतो, चार-पाचच मुलं उरतात. तरी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कुलूप उघडा. चार मुलांचा कट्टाही कट्टाच आहे, आणि सुट्टीनंतर येणारं मूल आधी दार उघडं आहे का ते बघतं.

शेवटी ग्रंथालयांच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना एक विनंती. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी अनुदानित वाचनालयं उभी राहिली. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी बालविभागाचं कपाट वर्षानुवर्षं बंद असतं आणि दुपारी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन-तीनच माणसं बसलेली असतात. शनिवारी तीन ते साडेचार एवढा वेळ तो कोपरा गावातल्या मुलांना द्या, कपाटाची किल्ली त्यांच्यातल्या एकाकडे सोपवा, आणि दारावर एक कागद लावा: ज्यांना गोष्टी वाचायला किंवा लिहायला आवडतात त्यांनी शनिवारी यावे, वही सोबत आणावी.